वठलेल्या झाडाभोवतीची माणसे

काळ्या शाईने काढलेले एकच झाड. पाने नाहीत, रंग नाही, मागे आभाळ नाही, पायाशी जमीनही जेमतेम. असे चित्र समोर आले की बहुतेकांच्या मनात आधी एकाकीपणाचा विचार येतो. झाड एकटे आहे म्हणून काढणाराही एकटा असणार. फांद्या पिळवटलेल्या आहेत म्हणून त्याचे मनही पिळवटलेले असणार. हा अर्थ सहज सुचतो आणि तो अगदी निराधारही नाही. तरी चीन आणि कोरियातल्या पंडित-चित्रकारांच्या शाईचित्रांबाबत तो अर्ध्या वाटेवरच थांबतो, असे माझे म्हणणे आहे. ही झाडे बहुधा कुणासाठी तरी काढलेली असत, कुणाच्या तरी हाती दिलेली असत, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांनी शेजारी आपले अक्षर ठेवलेले असे. चित्राचा अर्थ झाडाच्या खोडात जेवढा आहे, तेवढाच या देवघेवीत आहे. हे म्हणणे पारखून पाहायचे तर ते सोप्या उदाहरणावर पारखण्यात अर्थ नाही. म्हणून अकराव्या शतकातल्या सू शीच्या नावावर असलेले ‘झाड आणि खडक’ हे चित्र घेऊ. कारण दुःखाचे आणि एकटेपणाचे चित्र म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांत ते पुष्कळ वरचे आहे.

चित्र लहान आहे. सुमारे २६ सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद, कागदावर काढलेले. डावीकडे खाली एक खडक आहे. त्यावर कुंचला गोल वळसे घेत फिरला आहे, त्यामुळे दगड जागचा हललेला नसूनही आत काहीतरी घुसळते आहे असे वाटते. खडकाच्या मागून बांबूचे काही कोवळे कोंब डोकावतात. खडकाच्या उजव्या अंगाने झाड निघते, सरळ वर न जाता कलते, मध्येच स्वतःभोवती पिळा घेते आणि वर जाऊन थोड्या उघड्या फांद्यांत फुटते. बाकी कागद मोकळा. चित्रकाराची सही नाही, तारीख नाही, त्याने लिहिलेला एक शब्दही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगला क्रिस्टीजच्या लिलावात हे चित्र ४६ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी हाच एवढा तुकडा छापला: खडक, झाड आणि किंमत. छापलेला तो तुकडा मूळ वस्तूचा जेमतेम दहावा हिस्सा आहे. पूर्ण गुंडाळी उलगडली तर ती पाच मीटरहून लांब भरते. उरलेल्या लांबीत काय आहे ते पुढे पाहू. त्याआधी दुःखाच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते नीट ऐकून घ्यायला हवे, कारण ती बाजू कच्ची नाही.

सू शी (१०३७–११०१) हा सिचुआनमधल्या मेइशानचा. कवी, निबंधकार, सुलेखनकार आणि राजदरबारातला अधिकारी. पंतप्रधान वांग आन्शी याच्या आर्थिक सुधारणांचा भार गरिबांवर पडतो आहे असे त्याचे मत होते आणि ते त्याच्या कवितांतून दिसत असे. १०७९ मध्ये त्याला पकडून राजधानीत आणले गेले. राजाची निंदा केल्याचा आरोप होता आणि पुरावा म्हणून त्याच्याच कविता समोर ठेवल्या होत्या. चार महिन्यांहून अधिक काळ तो कैदेत होता. मरणदंड टळला, पण यांगत्से नदीकाठच्या हुआंगचौ या आडगावी त्याची रवानगी झाली. नावापुरते पद, हाती अधिकार काही नाही, घरात पैशाची ओढाताण. १०८० पासून चार वर्षांहून अधिक काळ तो तिथे होता. गावाच्या पूर्वेच्या उतारावर मिळालेला पडीक जमिनीचा तुकडा त्याने कसला, आणि त्या उतारावरून त्याला दोंगपो हे नाव पडले. आज चीनमध्ये तो मुख्यतः याच नावाने ओळखला जातो. त्याने वठलेली झाडे आणि विचित्र खडक काढले ते पुष्कळसे या काळात. मी फू (१०५१–११०७) हा त्याचा तरुण समकालीन, स्वतः मोठा सुलेखनकार आणि चित्रांचा जाणकार. त्याने चित्रांवरच्या आपल्या टिपणग्रंथात नोंदवले आहे की सू शीच्या झाडांचे पिळे आणि खडकांचा खडबडीतपणा यांना आदि-अंत सापडत नाही, ते त्याच्या छातीत कोंडून राहिलेल्या गोष्टींसारखेच आहेत. चित्रकाराला ओळखणाऱ्या, त्याला चित्र काढताना पाहिलेल्या माणसाची ही साक्ष आहे. झाडात दुःख नाही असे म्हणणाऱ्याला आधी या साक्षीचे काय करायचे ते सांगावे लागेल.

मी ती साक्ष पूर्ण मानतो. पण तोच मी फू त्याच ग्रंथात आणखी एक हकीकत सांगतो आणि ती तितक्या वेळा सांगितली जात नाही. १०८२ च्या सुमारास तो प्रवासात हुआंगचौला थांबला आणि सू शीला पहिल्यांदा भेटला. मद्याचे प्याले झाल्यावर सू शीने त्याला एक कागद भिंतीवर चिकटवायला सांगितले, उठून त्यावर बांबूच्या दोन काठ्या, एक वठलेले झाड आणि एक विचित्र खडक काढला, आणि ते चित्र त्यालाच देऊन टाकले. पुढे वांग शेन नावाच्या त्यांच्या स्नेह्याने ते पाहायला म्हणून नेले आणि परत केले नाही. आता या प्रसंगात एकांत कुठे आहे ते शोधून पाहावे. खोलीत पाहुणा आहे, कागद त्यानेच लावला आहे, चित्र त्याच्यासमोर जन्मते आणि शाई वाळताच त्याचे होते; मग ते तिसऱ्याच्या घरी जाते आणि मी फूला ते गेल्याची रुखरुख इतकी लागते की तो ती ग्रंथात नोंदवून ठेवतो. छातीतली कोंडी खरी असेल, पण ती एका माणसाने दुसऱ्यासमोर मोकळी केलेली आहे. हुआंगचौहून मित्रांना लिहिलेल्या पत्रांतही हेच दिसते. कुणाला तो दारूच्या अमलात काढलेला खडक आणि बांबू पाठवतो, कारण घेणाऱ्याला त्यांची आवड आहे; कुणाला शाईने काढलेले झाड पाठवतो आणि आठवण येईल तेव्हा उलगडून पाहायला सांगतो. १०८४ मध्ये तिथून सुटका झाल्यावर कवी कुओ श्यांगचंगच्या घरच्या भिंतीवर त्याने असेच बांबू आणि खडक काढले, तर यजमानाने त्याला कविता आणि दोन जुन्या तलवारी भेट दिल्या.

ही चित्रे इतकी का वाटली जात होती, याचे एक कारण त्या खटल्यात दडलेले असावे असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे, पण त्याला आधार आहे. त्या खटल्यात एकटा सू शी अडकला नव्हता. ज्यांच्याकडे त्याच्या कविता सापडल्या, ज्यांच्याशी त्याने कवितांची देवघेव केली, अशा अनेकांना शिक्षा झाल्या. मित्र वांग कोंग याला दूर दक्षिणेत हाकलले गेले, भाऊ सू चअ याला खालच्या पदावर पाठवले गेले, वांग शेनलाही झळ बसली. मित्राला कविता पाठवणे म्हणजे त्याच्या घरात पुरावा ठेवणे, हे सू शीने अनुभवातून शिकले होते. हुआंगचौला त्याने लिहिणे सोडले नाही. लाल कड्यावरचे त्याचे प्रसिद्ध गद्यकाव्य तिथलेच, १०८२ चे. पण पुढच्या वर्षी एका स्नेह्यासाठी त्याची स्वहस्ते प्रत करून पाठवताना त्याने शेवटी विनंती जोडली की ही नीट लपवून ठेव, बाहेर काढू नकोस. ती प्रत आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. शब्द इतके धोक्याचे झाले असताना झाड मात्र बिनधोक पाठवता येत होते. त्यात कुणाचे नाव नव्हते, सुधारणांचा उल्लेख नव्हता, कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याला बोट ठेवता येईल अशी ओळ नव्हती. तरीही ज्याला ते मिळे त्याला पाठवणारा कोण आणि कोणत्या मनःस्थितीत आहे हे कळत असे. ते कसे कळे, हे समजून घ्यायचे तर शाई आणि कुंचल्याकडे वळायला हवे.

या चित्रांची शाई म्हणजे पाइनचे लाकूड किंवा तेल जाळून धरलेली काजळी आणि प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस यांची वाळवलेली वडी. दगडावर थोडे पाणी घेऊन ती घासायची, हवी तेवढी दाट वा पातळ करायची आणि केसांच्या टोकदार कुंचल्याने उचलायची. कागद शाई लगेच शोषून घेतो. एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही, वरून रंग देऊन झाकता येत नाही, दुसऱ्यांदा गिरवली तर गिरवल्याचे दिसते. त्यामुळे कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे रेंगाळला, कुठे शाई संपत आल्यामुळे केस फाकून मधला पांढरा कागद दिसू लागला, हे सगळे जसेच्या तसे राहते. आणि हा कुंचला, ही शाई, हा कागद हेच सू शीसारखी माणसे लहानपणापासून लिहिण्यासाठी वापरत होती. राजसेवेच्या परीक्षांसाठी वर्षानुवर्षे अक्षर घोटलेले हे लोक. सू शी, त्याचा मित्र हुआंग थिंगच्यान आणि मी फू हे तिघेही सोंग काळातल्या चार श्रेष्ठ सुलेखनकारांत गणले जातात. ओळखीच्या माणसाचे पत्र आले की मजकूर वाचण्याआधी आपण पाकिटावरचे अक्षर ओळखतो, आणि ते अक्षर थरथरलेले असेल तर पत्र फोडण्याआधीच काळजी वाटू लागते. या मंडळींना चित्रातले खोड तसे दिसत असे. मी फूने सू शीला विचारले होते की बांबू काढताना तू पेरापेराने का काढत नाहीस, तळापासून शेंड्यापर्यंत एकाच दमात का ओढतोस; तर सू शीने उलट विचारले की बांबू उगवतो तेव्हा तरी पेरापेराने कुठे उगवतो? दोनशे वर्षांनी चाओ मंगफूने (१२५४–१३२२) खडक आणि झाडांच्या आपल्या एका चित्रावर हा विचार नियमासारखा मांडला: खडक काढायचा तो घाईच्या कोरड्या लेखनशैलीने, झाड काढायचे ते मुद्रालिपीच्या गोल, भरीव वळणाने, कारण लेखन आणि चित्र यांचे मूळ एकच. ते चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

म्हणून या चित्राकडे पाहायचे ते झाडाच्या आकारावरून आधी नव्हे, तर मुळापासून शेंड्यापर्यंत हात कसा गेला असेल ते मनातल्या मनात गिरवून. ‘झाड आणि खडक’ तसे पाहिले की गंमत होते. आकाराकडे पाहून झाड पिडलेले वाटते, पण रेघ पिडलेली नाही. खोडाचा पिळा एका सैल, मोकळ्या हाताने घेतलेला आहे. खडकावरचे वळसे कुंचला आडवा धरून, शाई फार न भिजवता, जवळजवळ खेळत असल्यासारखे फिरवलेले आहेत. कुठेही दुरुस्तीची धडपड नाही. कारागिरीच्या नजरेने हे चित्र कच्चे वाटेल, आणि तसे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. दरबारी चित्रकार यापेक्षा कितीतरी सफाईने झाड काढत. सू शीचे स्वतःचे मत असे की चित्राची पारख हुबेहूबपणावरून करणारा लहान मुलाच्या समजेचा असतो. हे मत कुणी स्वतःच्या हाताच्या मर्यादा झाकण्यासाठीही मांडू शकतो. पण इथे सफाई सोडल्याने जे मिळाले ते खरे आहे. हात दिसतो, आणि तो हात सुखावलेला आहे. दुःखाचा आकार आणि सुखावलेली रेघ एकाच झाडात आहेत, आणि त्यांतली एकच गोष्ट पाहणे म्हणजे अर्धे चित्र पाहणे.

आता गुंडाळीच्या उरलेल्या लांबीकडे. चित्राला लागून पुढे कागद जोडलेले आहेत आणि त्यांवर पाहणाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्त्या आहेत. पहिली ल्यू ल्यांगत्सुओ नावाच्या गृहस्थाची. तो सांगतो की रुनचौ इथे, म्हणजे आजच्या चेन्च्यांगला, फंग नावाचे ताओपंथी साधू आहेत. नोकरी सोडून त्यांना तीस वर्षे झाली, वय सत्तरीच्या पुढे, पण केस अजून काळेभोर आणि बोलणे असे प्रसन्न की ऐकणाऱ्याचे मन हलके व्हावे. त्यांनी दोंगपोचे हे चित्र दाखवले, म्हणून त्यांच्यासाठी कविता लिहितो आहे आणि मी फूलाही सोबत लिहायला बोलावले आहे. त्याच्या कवितेत झाड आहे, पण पिडलेले नाही. वैभव गळून पडलेले, वाकडे असल्यामुळेच दीर्घायुषी झालेले झाड त्याला दिसते. चित्र उलगडताना माणूस भेटल्यासारखा आनंद होतो असे तो म्हणतो, आणि गावाकडची अशीच राई आठवून परत न गेल्याची खंत करतो. त्याच्यामागे मी फूची कविता येते, त्याच यमकांत बांधलेली. ती वाचताना मला सर्वांत नवल वाटले ते तिच्यात काय नाही याचे: तिच्यात झाडच नाही. खडक नाही, बांबू नाही, चित्राचे नाव नाही. मी फू स्वतःबद्दल लिहितो. चाळिशी आली, कपडे जुने झाले, गरिबीने जगाच्या वाटा किती निसरड्या ते शिकवले, नोकरीत यश उशिरा आले, ओळखणारे थोडे. आणि मग वर्षअखेरीला अशी रसिक सोबत लाभली, आता घरी परतायची भाषा कशाला.

ही पुस्ती लिहिणारा मी फू तोच, ज्याने सू शीच्या झाडांत छातीतली कोंडी पाहिली होती. चित्राचा सांकेतिक अर्थ उलगडून दाखवण्याइतका अधिकारी दुसरा कुणी त्या बैठकीत नव्हता. त्याने तो उलगडला नाही. झाड पाहून त्याने स्वतःचे हिशेब मांडले आणि सोबतीचा आनंद नोंदवला. ल्यूने म्हातारपण आणि घराची ओढ मांडली. साधू फंगने काय मांडले ते आपल्यासमोर नाही, पण पदत्याग करून तीस वर्षे प्रसन्न राहिलेला तो माणूस हे झाड जपून ठेवत होता आणि आल्यागेल्याला दाखवत होता, एवढे तरी नक्की. चित्राने दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी बोलायला लावल्या. पुढे शतकांच्या अंतराने युआन आणि मिंग काळातल्या आणखी दोघांनी त्यात आपली भर घातली आणि कागदाच्या कडांवर, सांध्यांवर संग्राहकांचे लाल शिक्के साठत गेले.

यावर एक सरळ आक्षेप असा की पुस्त्या चित्राचा भाग नाहीत. चित्रकाराने ५० सेंटिमीटर कागदावर जे ठेवले ते चित्र. नंतर इतरांनी चिकटवलेल्या मजकुरावरून त्याचा अर्थ लावणे म्हणजे प्रेक्षकांच्या बोलण्यावरून नाटकाचा अर्थ लावण्यासारखे आहे. भिंतीवर टांगून पाहायच्या तैलचित्राबाबत हा आक्षेप मी मान्य करीन. पण आडवी गुंडाळी भिंतीसाठी नसतेच. ती पेटीत असते, पाहुणा आला की निघते, टेबलावर हातहात उलगडली आणि मिटली जाते, दोन-तीन डोकी तिच्यावर झुकतात आणि पाहून झाल्यावर लिहायला कागद जोडता येईल अशीच तिची बांधणी असते. चित्रकाराला हे ठाऊक असते. चित्रकार नी त्सानचे १३४५ मधले चित्र याचा उत्तम पुरावा आहे. पाण्याकाठच्या उंचवट्यावर पाने विरळ असलेली सहा झाडे, पलीकडे दूरवर डोंगर, माणूस एकही नाही. ते आता शांघाय संग्रहालयात आहे. नी त्सानने चित्रावरच लिहिले आहे की एक मित्र भेटेल तेव्हा चित्र मागतो. रात्री नाव काठाला लावली तर हा दिवा आणि कागद घेऊन हजर. दमलो होतो तरी मोडता घालता आला नाही. आणि वडीलधारा चित्रकार हुआंग कोंगवांग हे पाहील तेव्हा मोठ्याने हसेल. त्या निर्मनुष्य किनाऱ्यात काढताक्षणीच दोन मित्र होते, एक दिवा धरून बसलेला आणि एक पुढे हसणारा. हुआंगने खरोखरच ते पाहिले आणि वर कविता लिहून त्या झाडांना सहा सज्जन म्हटले. आज चित्र ‘सहा सज्जन’ याच नावाने ओळखले जाते. झाडे म्हणजे ताठ कण्याची माणसे, हा अर्थ आपण चित्रकाराचा समजतो. तो पाहणाऱ्याने दिलेला आहे.

दुसरा आक्षेप प्रतीकांचा. चीनमध्ये झाडांचे अर्थ ठरलेलेच होते, पाइन म्हणजे निष्ठा, बांबू म्हणजे न मोडणारा वाक, आणि निरुपयोगी वाकड्या झाडावर सुताराची कुऱ्हाड पडत नाही ही ताओपंथी विचारवंत च्वांगत्सची गोष्ट तर प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ. मग देवघेवीची भानगड कशाला, संकेतकोश उघडून अर्थ लावावा. कोश उपयोगी आहे, ल्यूच्या कवितेत च्वांगत्सची सावली उघड दिसते. पण कोशातला अर्थ सगळ्या वठलेल्या झाडांना सारखाच लागू होतो, आणि त्यामुळे या एका झाडाबद्दल तो थोडेच सांगतो. संकेत ही सर्वांची भाषा होती. तिच्यात कोण कुणाशी बोलत होते हे कळल्यावरच वाक्य पुरे होते.

माझ्या म्हणण्याची सर्वांत कडक परीक्षा कोरियातल्या ‘सेहानदो’ या चित्रावर होईल. किम जोंग-ही हा विद्वान आणि सुलेखनकार १८४० पासून जेजू बेटावर हद्दपारीत होता. १८४४ मध्ये त्याने जवळजवळ कोरड्या कुंचल्याने एक ओकेबोके घर आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोजकी झाडे काढली. उजवीकडच्या जख्ख म्हाताऱ्या पाइनची एकच फांदी जिवंत दिसते. यापेक्षा एकटे चित्र कुठे सापडेल असे वाटते. पण शेजारी त्याने स्वतः आखीव चौकटींत एकेक अक्षर बसवून लिहिले आहे की हे कुणासाठी. शिष्य ई सांग-जक हा दुभाष्या होता, कामानिमित्त बीजिंगला जाई आणि तिथून दुर्मीळ ग्रंथ मिळवून गुरूला बेटावर पाठवी. सत्ता गेल्यावर सगळे पाठ फिरवतात, तू फिरवली नाहीस, म्हणून हिवाळ्यातही न वठणारा पाइन तुला देतो, असा त्या लेखाचा आशय. ई सांग-जकने चित्र बीजिंगला नेले, सोळा चिनी विद्वानांनी त्यावर पुस्त्या लिहिल्या आणि गुंडाळी वाढत वाढत आज चौदा मीटरहून लांब झाली आहे. २०२० मध्ये ती दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दान मिळाली. याला सू शीशी जोडणारा धागाही खरा आहे: तरुणपणी बीजिंगला गेलेला किम ज्या वृद्ध पंडिताला, वेंग फांगकांगला, भेटला, तो सू शीचा निस्सीम भक्त होता. किमचे एकटेपण खोटे नव्हते. पण ते ज्या कागदावर उतरले तो कागद आभाराचे पत्र आहे.

माझे म्हणणे कुठे लागू होत नाही हेही सांगायला हवे. कुओ शीने १०७२ मध्ये काढलेले ‘वसंतारंभ’ हे दरबारी चित्रकाराचे भव्य रेशमी चित्र आहे. त्यातली वाकलेली झाडे कुणा मित्राला पाठवलेली नाहीत. जपानी हासेगावा तोहाकूचे सोळाव्या शतकातले धुक्यातले पाइन दोन मोठ्या पडद्यांवर आहेत, त्यांवर कुणाची पुस्ती नाही आणि खोलीत ठेवूनच ते पाहायचे आहेत. तिथे रेघ आणि मोकळा कागद यांवरच थांबावे लागते. पुस्त्या वाचता न येणाऱ्या सामान्य मराठी प्रेक्षकाचीही स्थिती थोडी अशीच आहे. त्याने काय करावे? हात कुठून निघाला, कुठे थबकला हे डोळ्यांनी गिरवणे कोणत्याही भाषेशिवाय जमते. आणि चित्राच्या छायाचित्रात कडेला अर्धवट कापलेली अक्षरे किंवा लाल शिक्के दिसले, तर पूर्ण गुंडाळी शोधून पाहावी. झाडाचे छायाचित्र जितके जवळून घ्यावे तितके ते एकटे दिसते, हा छापण्याचा परिणाम आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड. ‘झाड आणि खडक’ सू शीचेच आहे हे कशावरून? चित्रावर सही नाही, आणि शेजारी ठेवून ताडून पाहावे असे त्याचे निर्विवाद दुसरे चित्र जवळजवळ नाहीच. काही अभ्यासक ते त्याचे मानत नाहीत, आणि किमतीच्या आकड्याने हा प्रश्न सुटत नाही. मी तो सोडवू शकत नाही. पण चित्र त्याचे मानणारेही कशाच्या आधारावर मानतात ते पाहावे: ल्यूने दोंगपोचे नाव घेतले आहे, मी फूचे अक्षर ओळखू येते, सांध्यांवर शिक्के आहेत. म्हणजे हे झाड सू शीचे ठरते ते मित्रांच्या शब्दावर. त्यांची पुस्ती फाडून टाकली तर उरेल ते कुणा अनामिकाचे झाड. आणि उद्या ते अनामिकाचेच ठरले, तरी साधू फंगच्या घरी ते उलगडले गेले, दोघांनी त्यावर यमके जुळवली आणि एकाने घरी जायचे लांबवले, यात बदल होत नाही. सू शीच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच दरबाराने त्याच्या लेखनावर बंदी घातली, छपाईचे ठोकळे नष्ट करायचे हुकूम काढले. त्याच्या हातचे जे टिकले ते कुणीतरी जोखीम घेऊन जपले म्हणून टिकले. त्यातही दैवगती अशी की हुआंगचौला मी फूच्या डोळ्यांदेखत काढलेले, ज्याच्या अस्सलपणाबद्दल कुणी शंका घेतली नसती, ते झाड वांग शेन घेऊन गेला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. हाँगकाँगला विकले गेलेले झाड काढले जाताना कोण हजर होते ते कुणी लिहून ठेवलेले नाही. ते पाहताना कोण हजर होते ते मात्र त्याच कागदावर आहे.